आत्याला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, आता भाचीनं टेस्ट करायची की पिशवी काढायची?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. उत्तर जरा लांब होईल, सावकाश वाचा आणि जमलं तर वडिलांनाही वाचून दाखवा, कारण यातला बराच भाग त्यांच्याबद्दल आहे.

तुम्ही लिहिलंय ते असं, की तुमचं वय २९, गाव दिग्रसकडचं, वडिलांची सख्खी बहीण ४६ वर्षांची आणि तिला ओव्हरीचा म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर निघाला, नागपूरला ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. वडिलांची आई म्हणजे तुमची आजी ‘पोटात पाणी होऊन’ गेली. घरचे म्हणतात, बापाच्या घरचं पोरीले लागत नाई, तू आपल्या मायच्या अंगावर गेली. एका लॅबच्या माणसानं जेनेटिक टेस्टचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला. आणि एका ठिकाणी सांगितलं की दोन लेकरं झाली ना, पिशवी काढून टाका, झंझट मिटली. वरून लहान बहिणीचं लग्न आत्याच्याच मुलाशी करायचं घरात बोलणं चालू आहे. आता टेस्ट करू की पिशवी काढू, हा तुमचा प्रश्न.

मी यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि असे पेशंट पुढे नागपूरला, सेवाग्रामला, कधी मुंबईला पाठवते. माझं मत आधीच सांगून टाकते, सध्या तुमची टेस्टही नको आणि तुमचं ऑपरेशन तर अजिबात नको. आधी आत्याचं रक्त जाऊ द्या. का ते सांगते.

पहिले तो बापाकडून येत नाही वाला विषय, कारण यानंच आमच्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं. ओव्हरीचा कॅन्सर बायकांनाच होतो हे खरं, पण त्याचा धोका वाढवणारा जीन बापाकडून तितकाच येतो जितका आईकडून येतो, निम्मा निम्मा चान्स. बापाला ओव्हरी नाही म्हणून त्याच्यात तो आजार दिसत नाही एवढंच, पण जीन त्याच्याजवळ असू शकतो आणि तो पोरीला देऊ शकतो. ज्या घरात दोन पिढ्या भाऊच भाऊ आहेत तिथे तर हा दोष कोणाच्या नजरेतच येत नाही. माझ्याकडे एक बाई आली होती, कापूस वेचणीच्या दिवसांत पोट फुगायला लागलं, गॅस म्हणून गोळ्या खाल्ल्या, ढगळं पोलकं घालून वावरात जात राहिली, आली तेव्हा पोटभर पाणी. घरात कोणाला कॅन्सर होता का विचारलं तर नाही म्हणे. मग मी वडिलांकडचं एकेक माणूस विचारत गेले तर वडील एकुलते एक, आजोबा चार भाऊ आणि बहीण एकच, ती एक बहीण छातीच्या गाठीनं तरुणपणी गेलेली, आणि वडील स्वतः लघवीच्या त्रासानं गेले, तो प्रोस्टेटचा कॅन्सर होता हे जुन्या कागदावर लिहिलेलं. म्हणजे सगळं होतं घरात, फक्त कोणी एका जागी मांडलं नव्हतं.

आता जीनचं काय आहे ते थोडक्यात. आपल्या सगळ्यांच्या जीनमध्ये लाखो बारीक बारीक फरक असतात, त्यातले बहुतेक निरुपद्रवी. काही अगदी मोजके फरक मात्र नेमक्या महत्त्वाच्या जागी असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ हे दोन जीन त्यातले मुख्य, पहिला १७ नंबरच्या क्रोमोसोमवर, दुसरा १३ नंबरच्या. १९९४ आणि १९९५ साली हे सापडले. हे जीन सगळ्यांमध्येच असतात बरं का, तो काही कॅन्सरचा जीन नव्हे. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट जोडणं हे त्यांचं काम. प्रत्येक जीनच्या आपल्याजवळ दोन कॉप्या, एक आईची एक बापाची, समजा बैलजोडी. एक बैल जन्मापासून लंगडा असला तरी दुसरा धड आहे तोपर्यंत बंडी चालते, पण वय वाढता वाढता एखाद्या पेशीत तो दुसराही बसला की त्या पेशीची दुरुस्ती थांबते आणि तिथून कॅन्सर सुरू होऊ शकतो. म्हणून जीनमध्ये दोष असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे, धोका जास्त असणं.

किती जास्त? साधारण बाईला आयुष्यभरात ओव्हरीचा कॅन्सर व्हायचा धोका १०० मध्ये एकीच्या आसपास. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ८० वर्षांपर्यंत १०० मध्ये सुमारे ४४, बीआरसीए-२ मध्ये असेल तर सुमारे १७. आणि लोक ओव्हरीच्या नादात विसरतात ते हे, की दोन्हींमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७० च्या आसपास जातो आणि तो ओव्हरीपेक्षा लवकरच्या वयात सुरू होतो. हे आकडे जास्त करून बाहेरच्या देशांतल्या कुटुंबांवरून आलेत, आपल्याकडे थोडं इकडेतिकडे होईल, पण अंदाज तोच.

याशिवाय आरएडी५१सी, आरएडी५१डी, बीआरआयपी१ असे काही जीन आहेत, त्यांच्यामुळे धोका वाढतो पण बीआरसीए-१ इतका नाही. लिंच सिंड्रोम म्हणून एक प्रकार आहे, त्यात आतड्याचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर जास्त, सोबत ओव्हरीचाही, म्हणून घरात कोणाला कमी वयात आतड्याचा कॅन्सर झाला का तेही विचारायचं. आणि मग ते अगदी छोटे, सर्रास आढळणारे फरक, ज्यांच्यानं धोका एवढासा हलतो. त्यांची बेरीज करून स्कोर काढतात, पण आज माझ्यासमोर बसलेल्या पेशंटचं ऑपरेशन करायचं की नाही हे मी त्या स्कोरवर ठरवणार नाही. तुमच्या लॅबवाल्याच्या पॅकेजमध्ये असला स्कोर रंगीत चार्टसह असेल तर त्याच्यासाठी पैसे देऊ नका.

आता तुमच्या घराचा हिशोब. समजा आत्यात दोष सापडला. मग तुमच्या वडिलांत तो असायचा चान्स निम्मा. वडिलांत असेल तर तुमच्यात यायचा निम्मा. म्हणजे आज, वडिलांची टेस्ट न करता, तुमचा चान्स चारात एक, तुमच्या मुलीचा आठात एक. आणि वडिलांत नाही निघाला तर तिथेच संपलं, तुम्ही, बहीण, तुमची लेकरं सगळे त्या दोषातून मोकळे. हा एक पिढी सोडून येतो असं म्हणतात ते चूक आहे. तुमच्यात नसेल तर तुमच्याकडून मुलीला जाऊच शकत नाही. पिढी सोडल्यासारखी वाटते कारण मधे पुरुष असतो, किंवा दोष असूनही एखाद्या बाईला आजार झालाच नाही.

मग आत्याच आधी का? कारण आजार तिला झालाय, शोधायचं ते तिच्या रक्तात सापडायची शक्यता सगळ्यात जास्त. तुम्ही पैसे भरून थेट स्वतःची टेस्ट केली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ काय लावायचा? एक तर घरात दोष होता आणि तुम्ही सुटल्या, किंवा घरात दोष आहे पण त्या टेस्टला दिसला नाही, किंवा घरात असा दोष नव्हताच आणि आत्याचा आजार आपला आपण झाला. तिन्हीमध्ये कागद सारखाच. बायका तो निगेटिव्ह कागद घेऊन निश्चिंत होतात, ते मला जास्त भीतीचं वाटतं. आत्याचा दोष एकदा माहीत झाला की तुमच्या टेस्टमध्ये फक्त ती एक जागा बघायची, ते स्वस्त पडतं आणि उत्तर स्पष्ट येतं, आहे किंवा नाही.

दुसरं म्हणजे आत्याला स्वतःला याचा उपयोग आहे, हे तिच्या घरच्यांना नीट सांगा, नाहीतर त्यांना वाटेल की भाचीसाठी आजारी बाईचं रक्त काढतात. ओव्हरीचे जे सर्वसाधारण, म्हणजे एपिथेलियल प्रकारचे कॅन्सर आहेत, त्यात प्रत्येक पेशंटला जेनेटिक टेस्ट सुचवावी असंच आता धोरण आहे, घरात दुसऱ्या कोणाला असो की नसो. साधारण १०० पैकी १५ जणींमध्ये बीआरसीएचा दोष सापडतो. सापडला तर केमोनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्या देता येतात, या गटाला पार्प इनहिबिटर म्हणतात, आणि आजार पुन्हा उलटायचा काळ यानं बराच लांबतो. म्हणजे टेस्ट तिच्या इलाजाचाच भाग आहे.

हे कितपत लागू ते आत्याच्या बायोप्सीवर अवलंबून आहे. रिपोर्टवर हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा लिहिलं असेल तर बीआरसीएचा संशय पक्का धरायचा. म्युसिनस लिहिलं असेल किंवा बॉर्डरलाइन ट्यूमर असेल तर शक्यता बरीच कमी. म्हणून तो कागद आधी बघा, मोठी फाइल नको, ते एक पान.

टेस्टमध्ये तिसराही एक निकाल येतो, व्हीयूएस, म्हणजे फरक सापडला पण तो घातक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. जगभरच्या जीनच्या नोंदींमध्ये आपल्या लोकांचे नमुने कमी आहेत म्हणून आपल्याकडे हे जास्त वेळा येतं. व्हीयूएस आला तर त्याच्यावर ऑपरेशन करायचं नाही आणि घरातल्या बाकीच्यांची टेस्टही करत सुटायचं नाही. पुढे काही वर्षांनी त्याचा अर्थ बदलतो, बहुतेक वेळा निरुपद्रवी म्हणूनच, म्हणून कागद सांभाळून ठेवायचा.

आजीचं काय ते बघू. पोटात पाणी होऊन गेली म्हणजे ओव्हरीचाच कॅन्सर असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात पोटात पाणी लिव्हर खराब झाल्यानं होतं, पोटाच्या टीबीनं होतं, कॅन्सरनंही होतं. वडिलांना आणि घरातल्या जाणत्या बायकांना विचारा, आजीचे डोळे पिवळे झाले होते का, टीबीच्या गोळ्या चालू होत्या का, पाणी काढलं तर ते कुठे तपासायला पाठवलं का, वय काय होतं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं होतं का. मी ओपीडीत केसपेपरच्या मागच्या बाजूलाच झाड काढते, बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्यावर तिरपी रेघ, कॅन्सर असेल तर आतून रंगवायचं आणि बाजूला कोणत्या वयात झाला ते लिहायचं. तुम्ही घरीच काढा. आईकडचं एक, वडिलांकडचं एक. मावशा, आत्या, आजीच्या बहिणी, चुलत आत्या सगळ्या. स्तन, ओव्हरी, प्रोस्टेट, स्वादुपिंड, आतडं, हे पाच विशेष विचारायचे. लोक गर्भपिशवीचा कॅन्सर म्हणतात त्यात पिशवीच्या मुखाचा, पिशवीचा आणि ओव्हरीचा तिन्ही येतात. पिशवीच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूनं होतो, त्याचा या हिशोबाशी संबंध नाही, तो वेगळा लिहा.

वडिलांबद्दल. आत्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्यांना समजवायला लागेल, आणि पुरुष माणूस ‘मले काय करायचं बायकांच्या टेस्टशी’ म्हणणारच. त्यांना सांगा की हे त्यांच्याही कामाचं आहे. बीआरसीए-२ चा दोष असेल तर पुरुषाला प्रोस्टेटचा धोका वाढतो, चाळिशीनंतर पीएसए नावाची रक्ताची तपासणी करत राहायला सांगतात. पुरुषाला स्तनाचा कॅन्सरसुद्धा होऊ शकतो, छातीवर गाठ आली तर लपवायची नाही. आणि त्यांना हेही सांगा की यात त्यांचा काही दोष नाही. पोरीला आपल्याकडून काही गेलं म्हणून बापमाणूस आतून खचतो, हे मी समोर बसून पाहिलंय.

आता पिशवी काढून टाका या सल्ल्याबद्दल, आणि इथे मला रागच येतो. गर्भपिशवी वेगळी, ओव्हरी वेगळी. नुसती पिशवी काढून ओव्हरीच्या कॅन्सरचा वारशानं आलेला धोका जात नाही. ज्या ऑपरेशननं तो बराच कमी होतो ते म्हणजे दोन्ही ओव्हरी आणि दोन्ही नळ्या काढणं. नळ्या का, तर हाय ग्रेड सिरस कॅन्सर बऱ्याच वेळा नळीच्या टोकाला सुरू होतो आणि मग ओव्हरीवर पसरतो. दोष पक्का असलेल्या बाईत या ऑपरेशननं धोका ८० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, म्हणून ते खरंच जीव वाचवणारं आहे. पण वेळ पाहून, लेकरं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. कारण ओव्हरी काढली की त्याच दिवशी पाळी बंद, अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयावर परिणाम होतो. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या देऊन हे सांभाळतात. हे सगळं २९ व्या वर्षी, दोष आहे की नाही हे न बघता, स्वतःहून ओढवून घ्यायचं? वावरात काम करणाऱ्या बाईला चाळिशीत हाडं दुखायला लागली की पुढचं सगळं आयुष्य अवघड होतं. लिंच निघाला तर पिशवीही काढतात, तो विषय तेव्हा.

इथपर्यंतचं थोडक्यात, आत्याची बायोप्सी बघा, आत्याची टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर वडिलांची, मग तुमची आणि बहिणीची. तुमच्या लहान मुलीची आत्ता कोणतीही टेस्ट नाही, ती सज्ञान झाली की तिचं ती ठरवेल, लहानपणी कळून करायचं काहीच नसतं.

तुमच्यात दोष निघाला तर? मग पहिलं काम स्तनाची तपासणी, २५ नंतर वर्षाला एमआरआय आणि ३० पासून मॅमोग्राफीही सांगतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ते लगेच सुरू होईल, ओव्हरीचं ऑपरेशन नंतर. मधल्या काळात दर वर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी करत राहू का, असं सगळ्याच विचारतात. करता येतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. इंग्लंडमध्ये दोन लाखांवर साध्या, म्हणजे जास्त धोका नसलेल्या बायकांवर वर्षानुवर्षं हे करून पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला की ओव्हरीच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यानं कमी झाले नाहीत. सीए-१२५ पाळीत वाढतं, एन्डोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, पोटाच्या टीबीत तर खूप वाढतं, आणि घाबरून बाई नागपूरच्या चकरा मारते. काही प्रमाणात रक्षण करतात त्या गर्भनिरोधक गोळ्या, माला-एन, माला-डी सारख्या मिश्र हार्मोनच्या, पाच वर्षांवर घेतल्या तर ओव्हरीचा धोका जवळपास निम्मा होतो. छाया गोळी वेगळी, तिच्याबद्दल हे बोलत नाही. पण स्तनाचा धोका, बीपी, अर्धशिशी हे बघूनच, मेडिकलमधून आपल्या मनानं नाही. तुमचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचाही थोडा फायदा आहे, पण दोष असलेल्या बाईला तेवढं पुरत नाही.

टेस्टचं काहीही होवो, एक मात्र घरातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवा. पोट फुगलेलं राहणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं, यातलं काही नव्यानं सुरू झालं आणि दोन तीन आठवडे रोजच्या रोज राहिलं तर गॅसची गोळी बंद करून सोनोग्राफी करायची.

बहिणीच्या लग्नाचं. आत्या आजारी आहे म्हणून डोळ्यादेखत सून आणायची घाई चालली असेल, मी समजू शकते. आत्यात दोष असेल तर तिच्या मुलात असायचा चान्स निम्मा, तुमच्या बहिणीत चारात एक. दोघांतही असायचा आठात एक. आणि दोघांत असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक चान्स की लेकराला दोन्हीकडून दोष आला. बीआरसीए-२ दोन्हीकडून आला तर फॅन्कोनी ॲनिमिया नावाचा फार गंभीर आजार होतो, लहानपणीच रक्त बनायचं थांबतं. म्हणून नातं मोडा असं मी म्हणत नाही, पण साक्षगंधाआधी आत्याचा रिपोर्ट हातात येऊ द्या. निगेटिव्ह आला तर हा दोन्हीकडून यायचा प्रश्न मोठ्या प्रमाणात मिटतो. पॉझिटिव्ह आला तर आधी त्या दोघांची टेस्ट, मग ठरवा. आणि दुसरीकडे लग्न झालं तरी रिपोर्ट कोणाला दाखवायचा हे बहिणीच्या हातात आहे, तो सासरच्या चर्चेसाठी नाही.

पैशाचं आणि जागेचं. टेस्टसाठी आत्याला कुठे जायची गरज नाही, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त, केमोच्या दिवशी सलाइन लावताना घेता येतं, तिथूनच पाठवता येतं. रिपोर्टला साधारण तीन चार आठवडे. तिचा इलाज जिथे चालू आहे तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘जर्मलाइन बीआरसीए टेस्ट करायची आहे, सोबत एमएलपीए होईल का’. जर्मलाइन म्हणजे जन्मापासून असलेला, वारशानं येणारा दोष, आणि एमएलपीए ही जोडीची तपासणी यासाठी की जीनचा मोठा तुकडाच गायब असेल तर साध्या टेस्टमधून तो कधी कधी सुटतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो बसतात, टेस्ट बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, नसेल तर समाजसेवा विभागातून मदत मिळते का बघा. समुपदेशनासाठी मुंबईत टाटाला आणि त्यांच्या खारघरच्या केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं, धामणगाववरून सेवाग्राम एक्सप्रेस आहे, कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. पण ते पॉझिटिव्ह आल्यावर, आधीच धावू नका.

आत्याची तब्येत नाजूक असेल तर मात्र थांबू नका, रक्त याच केमोला घ्या. वाईट बोलायचं नाही, पण ती गेल्यावर तिचं रक्त मिळत नाही, मग बायोप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागावा लागतो आणि त्यातून नेहमी धड उत्तर निघतंच असं नाही. ब्लॉकचा नंबर रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात असतो, तो आजच लिहून ठेवा.

आत्याच्या बायोप्सीवर काय लिहिलंय, आजीचं वय आणि तिला टीबी किंवा कावीळ होती का, आणि तुमचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय का, एवढं कळवा. रिपोर्टचा फोटो टाकाल तर नाव आणि नंबर झाकून टाका. त्यावरून पुढचं सांगते.